फक्त हालांडच का?

नॉर्वेच्या फुटबॉलवरचा तुमचा रविवारचा लेख वाचला, छान होता, पण सगळा स्टार फुटबॉलपटू एर्लिंग हालांड आणि ट्रॉनहाइमच्या रोसेनबोर्ग क्लबच्या पुरुष टीमवरच, बायकांचं नावच नाही, हे काही पटलं नाही. त्याच ट्रॉनहाइम शहरात 1972 पासून ट्रॉनहाइम्स-ओर्न हा महिलांचा क्लब होता, त्यांनी 1994 ते 97 सलग चार वेळा नॉर्वेची लीग मारली, एकूण सात वेळा. त्यांची आन क्रिस्तीन आरोनेस तर 1995 च्या वर्ल्डकपमध्ये सहा गोल करून टॉप स्कोअरर ठरली आणि कप नॉर्वेनेच जिंकला (पुरुषांनी अजून एकदाही नाही!). 2020 पासून हाच क्लब रोसेनबोर्गच्या नावाने खेळतो, म्हणजे रोसेनबोर्गवर लिहिताना तरी दोन ओळी यायलाच हव्या होत्या.

– एक वाचक, पुणे