लावणीच्या दिवसांत ताप आला तर

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल आई फोनवर म्हणाली, बाबांच्या टाचांना भेगा पडून रक्त येतंय, तरी ते अनवाणीच मळ्यात उतरतायत. मला झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, मला भीती आहे ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्कामाला असतात. उंदराला काही होत नाही, पण लघवीतून तो ते सोडत राहतो. आपल्या बांधांत बिळं किती आहेत ते तुम्हीच जाणता. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात हे जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतात. गुराढोरांच्या लघवीतूनही येतात, म्हणजे गोठाही आलाच. आत शिरायला त्यांना एखादी भेग किंवा खरचटलेली जागा पुरते. चिखलाच्या हाताने डोळे चोळले तरी तेच. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर याचीच साथ आली होती.

जंतू आत गेल्यावर लगेच काही कळत नाही. बहुतेकदा ५ ते १४ दिवस जातात. मग थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देववत नाही. घात होतो तो इथेच. लावणीत पोटऱ्या कुणाच्या दुखत नाहीत? दमणूक समजून माणूस दुकानातली गोळी घेतो, ताप उतरला की पुन्हा चिखलात. तोवर जंतू रक्तातून यकृतात, मूत्रपिंडात, फुप्फुसात पोचलेले असतात. काहींना मग कावीळ होते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडतं. आमच्या लॅबमध्ये अशा रुग्णाची रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवून काढली की वरचं पाणी पिवळंधमक दिसतं. अशी नळी हातात आली की मला वाडीतले ते काका आठवतात. लावणी उरकायची म्हणून त्यांनी ताप अंगावर काढला होता.

तेव्हा ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, ‘मळ्यात काम चालू आहे.’ सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती अजून तयार झालेली नसतात. रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी औषध सुरू केलं तर हुज्जत घालू नका. वेळेत मिळालं तर साधं, स्वस्त अँटिबायोटिकही काम करतं. लेप्टो होऊ नये म्हणून आशाताई डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या द्यायला आल्या तर बाबांची चालू औषधं त्यांना दाखव, आणि डॉक्टर हो म्हणाले की सांगितल्याप्रमाणे जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर घ्या.

आई, माणसापासून माणसाला हा आजार सहसा होत नाही. कुणाला झालाच तर वेगळं बसवू नका.

गमबूट लावणीच्या चिखलात रुततात, ते मला ठाऊक आहे. निदान बांध घालताना आणि गोठा झाडताना तरी घाला. मळ्यात उतरताना भेगांवर वॉटरप्रूफ पट्टी लावा, वर आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. बाबांच्या पायाचा नंबर कळव, शनिवारी येताना गमबूट घेऊन येते.

तुमची लेक