हरल्यावरचा संशय

प्रिय निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं होणार नाही. तू मध्येच तोडतोस, मग माझा आवाज चढतो आणि विषय तुझ्या जेवणखाण्यावर जाऊन संपतो. म्हणून कागद घेतला.

परवा फॅमिली ग्रुपवर तू आणि सुधीरकाका जे काही एकमेकांना बोललात ते मी रात्री पुन्हा वाचलं. तुझं म्हणणं, २०२४ च्या विधानसभेचा निकाल मशीनमधून काढला. काकांचं म्हणणं, त्याच्या आधीच्या लोकसभेला तुमची बाजू जिंकली ती 'व्होट जिहाद'मुळे, म्हणजे मुसलमानांनी ठरवून एकगठ्ठा मत दिल्यामुळे. तू त्यांना अंधभक्त म्हणालास, ते तुला विकला गेलेला म्हणाले, आणि काकू ग्रुप सोडून गेल्या. गंमत अशी, की पक्षांची नावं झाकून वाचलं तर कुठला मेसेज पुतण्याचा आणि कुठला काकांचा, हे मलाही ओळखता आलं नसतं. 'सगळं ठरलेलं होतं', 'मीडिया दाखवणार नाही', 'डोळे उघडा'. शब्द तेच, क्रमसुद्धा तोच.

मी कुणाला मत दिलं ते तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही, तेव्हा त्या वाटेने जाऊ नकोस. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी म्हणजे निवडणुकीची ड्युटी आलीच. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. त्यामुळे मशीन मी व्हिडिओत पाहिलेलं नाही, रात्री उशाशी ठेवून झोपले आहे.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान असतं, खरं मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी. आलेल्या पोलिंग एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. मग केंद्राध्यक्षाचा जप सुरू होतो, 'सीआरसी, सीआरसी': क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यातलं शेवटचं विसरलं तर मॉकची मतं खऱ्या मतांत मिसळतात, आणि केंद्राध्यक्षाची झोप उडते ती याच भीतीने. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर दाखवणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या काढायच्या, मागे शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायच्या. कंट्रोल युनिटला हिरवा पेपर सील लावायचा, त्यावर एजंटांच्या सह्या. संध्याकाळी क्लोजचं बटण दाबलं की एकूण मतांचा आकडा येतो, तो १७-सी नमुन्यात भरायचा आणि त्याची प्रत एजंटांच्या हातात द्यायची. मोजणीच्या दिवशी मशीनचा नंबर आणि हा आकडा त्या प्रतीशी ताडून पाहता येतो. हे सगळं एका खोलीत घडतं, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांच्या माणसांसमोर.

आता तुझी गोष्ट या खोलीत आणून बसव. मशीन बनवतात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. कुठलं मशीन कुठल्या मतदारसंघात, मग कुठल्या केंद्रावर, हे सरमिसळ करून पक्षांसमोर ठरतं. यादीत कुठल्या बटणावर कोण येणार हे माघारीची मुदत संपल्यावर अक्षरांच्या क्रमाने लागतं, तेही आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष. म्हणजे एका मतदारसंघात तुमचा माणूस दोन नंबरला तर शेजारच्यात चारला. कारखान्यातल्या चिपला हे कसं कळावं? तू म्हणशील, चिन्हं नंतर भरतात, तेव्हा घोळ होऊ शकतो. हा प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. तो कोर्टात गेलाही. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरायची युनिटं सील करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीनच्या चिप तपासून मागायचा हक्क दिला. संशय असा विचारला की त्यातून काहीतरी हाती लागतं.

काकांनी हे वाचून मान डोलवायच्या आत त्यांच्यासाठी थोडं. (त्यांना पत्र दाखवलंस तरी चालेल.) २००९ ला भाजप हरला तेव्हा मशीन नको, मतपत्रिका आणा, असं अडवाणी म्हणत होते. दुसऱ्या वर्षी भाजपच्याच जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी मशीनच्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं, प्रस्तावना अडवाणींची. तेव्हा मशीनची बाजू घेणारे कोण होते, तर सत्तेत बसलेले. २०१३ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठी हवीच म्हटलं, आणि व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने आलं. निकाल लागला तोवर स्वामी भाजपमध्ये आले होते. म्हणजे आज काका 'चिठ्ठी दिसते ना, मग काय हवंय' असं तुला ऐकवतात, ती चिठ्ठी त्यांच्याच बाजूच्या संशयातून निघालेली आहे. २०१४ पासून त्या छावणीतला संशय मावळला. २०१७ ला उत्तर प्रदेशचा निकाल लागला त्याच दिवशी मायावतींकडे उगवला, पंजाबनंतर केजरीवालांकडे. याच केजरीवालांना दोन वर्षांपूर्वी दिल्लीत सत्तरपैकी ६७ जागा मिळाल्या होत्या. मतदान मशीनवरच झालं होतं.

२०१७ मध्येच ३ जूनला निवडणूक आयोगाने पक्षांना बोलावलं, या आणि करून दाखवा. आतला बोर्ड उघडायचा नाही वगैरे अटी घातल्या होत्या, त्यावर टीका झाली आणि ती मला पटते. पण आले दोनच पक्ष, राष्ट्रवादी आणि माकप. दोघांनीही मशीनला हात न लावता माहिती तेवढी विचारून घेतली.

आणि आपल्याकडे? जून २०२४, महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या. त्या महिन्यात मशीनबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. तेव्हा काकांचा धुळ्याचा धोशा चालू होता: सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे, एकट्या मालेगाव मध्यने फिरवलं, आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या. 'ठरवून केलं' म्हणे. अहो, मतदान ठरवूनच करतात. एखाद्या वस्तीने एकगठ्ठा मत दिलं तर ते आवडो न आवडो, त्यात गुपित कुठलं? आपल्या तालुक्यात पाटील सांगतील तिथे गावंच्या गावं शिक्का मारत होती, त्याला कुणी जिहाद म्हटलं नाही. पाच महिन्यांनी पारडं फिरलं, महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा, आणि कारस्थानाची किल्ली काकांच्या खिशातून तुझ्या खिशात आली.

तू ग्रुपवर टाकलेला मोठा पुरावा म्हणजे संध्याकाळचा आकडा. पाच वाजता ५८.२२ टक्के, शेवटी ६६.०५. 'एका तासात एवढे लोक कुठून आले?' मी सांगते कुठून. सहाला दार बंद होतं तेव्हा आवारात जी रांग असते तिच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं, म्हणजे मागून नवा कुणी घुसत नाही. मग ती रांग संपेपर्यंत मतदान. त्या नोव्हेंबरात बायकांची रांग किती होती हे तुझ्या मावशीला विचार. ऑगस्टपासून खात्यात लाडक्या बहिणीचे दीड-दीड हजार येत होते आणि ते विसरायला त्या काही तुझ्यासारख्या पगारदार नाहीत. दुसरं, दिवसभराचे आकडे हे दर दोन तासांनी वर कळवलेले अंदाज असतात. रांगेत माणसं खोळंबलेली असताना केंद्राध्यक्ष तो फोन कसा उरकतो ते मी अनुभवलेलं आहे. पक्का आकडा १७-सी मध्ये, आणि तो तुमच्या एजंटाकडे असतो. राज्यातल्या सगळ्या केंद्रांच्या त्या प्रती गोळा करून पक्षाने बेरीज मांडली का, हे तू पक्षाला विचारलंस? तुमच्याच घरातला कागद आहे तो.

वायव्य मुंबईचं प्रकरण आठवतं? शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले आणि मग फोनवर ओटीपी घेऊन मशीन उघडल्याची बातमी आली. तू ती आम्हाला तीनदा पाठवलीस. मशीनला ना फोन जोडता येतो ना नेटवर्क; ओटीपी लागतो तो आकडे भरायच्या संगणक प्रणालीत शिरायला. बातमी छापणाऱ्या वर्तमानपत्राने चूक कबूल केली, ते मात्र तू पाठवलं नाहीस. आणि यातला खरा भाग कुठे गेला बघ. मतमोजणीच्या जागी मोबाइलला बंदी असताना तो वापरला गेला, यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. फोन आत आला कसा, कुणी येऊ दिला, हे विचारायला हवं होतं. त्या ओटीपीच्या गदारोळात ते कुणी नेटाने विचारलंच नाही. ज्यांना उत्तर द्यायचं नव्हतं त्यांची आयतीच सोय झाली.

कारस्थानं होतच नाहीत असं मी म्हणत नाही. ३० जानेवारी २०२४, चंडीगडची महापौर निवडणूक. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. कागदी मतपत्रिका होत्या बरं का, ज्या परत आणा म्हणून तू सह्या गोळा करतोस. हे पकडलं गेलं कसं, तर कॅमेऱ्यात. कागद सर्वोच्च न्यायालयाने स्वतः पाहिले, निकाल फिरवला आणि २० फेब्रुवारीला आपच्या उमेदवाराला विजयी घोषित केलं. तीन आठवड्यांत.

म्हणून माझा राग वेगळ्या जागी आहे. २० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने आयोगाच्या शिफारशीवरून निवडणूक नियमांतल्या ९३ व्या नियमात बदल केला आणि सीसीटीव्ही वगैरे सामान्य माणसाला मागता येणार नाही अशी तजवीज केली. पुढच्या मे महिन्यात आयोगाने सांगितलं, निकालाला आव्हान नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करा. ज्या चित्रणाने चंडीगड पकडलं तेच. तिकडे माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने आपल्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, तर प्रशासनाने जमावबंदी लावली. त्या मतदानाला कायद्यात काडीचीही किंमत नव्हती, आणि त्यांचे उमेदवार उत्तम जानकर तर तेरा हजारांवर मतांनी निवडून आलेले होते! घेऊ द्यायचं की. लपवाछपवी केली की लोकांना वाटतं काहीतरी आहे, आणि मग माझ्यासारखी सीआरसीचा जप करणारी बाई कितीही सांगो.

तेव्हा लढायचं तर याच्यावर लढ. १७-सी संकेतस्थळावर टाका म्हण. चित्रण राखा म्हण. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसतंच, ते का नाही हे राज्य निवडणूक आयोगाला विचार. मतदार यादीतली दुबार नावं घरोघर फिरून शोध, चपला झिजतील पण काहीतरी सापडेल. यातल्या प्रत्येक मागणीवर काकांनाही सही करता येईल, उद्या ते हरणार आहेतच कधीतरी.

आणि एक मला लेखी कळव. असं काय दिसलं तर तू म्हणशील की त्या निवडणुकीत आपण साधेपणी हरलो? विधानसभेच्या निकालानंतर २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच याप्रमाणे १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मशीनशी ताडल्या आणि फरक आला नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. हे तुला पुरत नसेल तर कितीने पुरेल, आकडा सांग. 'काहीही दाखवलं तरी नाही' हे उत्तर असेल तर तेही लिही. हाच प्रश्न मी काकांना मालेगावबद्दल विचारला आहे. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही, नुसता हात जोडलेला इमोजी आला.

पुढच्या निवडणुकीला गावी ये आणि पोलिंग एजंट म्हणून बस. पहाटे साडेपाचला. तुमच्या पक्षाला आपल्या केंद्रावर माणूस मिळत नाही, दर वेळी खुर्ची रिकामी असते, आणि सीलवर सही मग दुसऱ्याच पक्षाची एकट्याची राहते.

काकांना ग्रुपवर काही लिहू नकोस, फोन कर. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बोलायला तेवढा विषय पुरेल. काकूंना ग्रुपमध्ये परत घ्यायचं काम तुझं. अॅडमिन तू आहेस.

तुझी,
आई