टोपडं काय फक्त बाळांनीच घालायचं?

महोदय,

थंडीची चाहूल लागली की 'ज्येष्ठांनी डोकं-कान झाकून झोपावं' हा सल्ला सगळ्याच वृत्तपत्रांत येतो. तुमच्याही येतो. यंदा मी तो मनावर घेतला आणि आईसाठी रात्री घालायची मऊ टोपी शोधत तीन संध्याकाळ नौपाड्यापासून जांभळी नाक्यापर्यंत पायपीट करून रिकाम्या हातानं घरी आलो. म्हणून हे पत्र.

आईला ९१ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिची साडी सुटली ती सुटलीच. गाऊन आला. तिला उठवायला, न्हाऊ घालायला तो सोयीचा, त्यामुळे घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. पण साडी होती तोवर आई रात्री पदर डोक्यावरून घेऊन, टोक हनुवटीखाली दाबून झोपायची, हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. गाऊनला पदर नसतो. डोकं रात्रभर उघडं. केस पार विरळ झालेत, बुचडा सुपारीएवढा उरलाय. त्यात वर पंखा. ठाण्यात डिसेंबरातही पंखा बंद करायची सोय नाही, बंद केला की डास. म्हणजे अंगावर दोन पांघरुणं आणि टाळूवर वारा, अशी आमची थंडी. टॉवेल गुंडाळून पाहिला, तो मध्यरात्री सुटून तोंडावर येतो. ओढणी बांधायची तर गळ्याशी गाठ येते आणि मग मलाच झोप लागत नाही.

राम मारुती रोडवर पहिल्या दुकानात माकडटोप्या पुढे आल्या. चॉकलेटी, निळ्या, बहुतेक ॲक्रिलिकच्या. आईनं घरची जुनी एकदा घालून पाहिली होती. कपाळ खाजलं, मानेला घाम आला आणि ती डोक्यातून ओढून काढताना चष्म्याची काडी वाकली. (१९२५ साली लोकरीची गिरणी सुरू झालेलं हे आमचं गाव, त्याला लोकरीचं वावडं नाही. पण इथल्या दमट हवेत रात्रभर तसली टोपी डोक्यावर ठेवायची म्हणजे शिक्षाच.) दुसऱ्या दुकानात अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी दाखवली. तिसऱ्या दुकानात मात्र मला हवी तीच टोपी दिसली. सुती होजिअरीची, म्हणजे बनियन-टीशर्टच्या ताणणाऱ्या कापडाची, मऊ, बिनबंदांची. फक्त नारळाएवढी. विक्रेत्या मुलीनं विचारलं, "काका, बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "एक्क्याण्णव वर्षांचं." ती हसली, पण मोठ्या मापात तिच्याकडे काही नव्हतं. शिंप्याकडे गेलो, तर एवढ्याशा कामासाठी मशीनचा दोरा बदलायला तो तयार होईना. लग्नसराईत त्याचंही बरोबरच म्हणा.

माझ्या पत्नीचं पायमशीन खिडकीशी होतं. ती गेल्यापासून पाच वर्षं त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचलेली, त्यात तुमचाही अंक आहे, क्षमा असावी. रद्दी उतरवली, तेल घातलं, वादी नवी टाकली. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण सुईत दोरा ओवण्यापलीकडे शिवणाशी संबंध नाही. आई मात्र एके काळी अख्ख्या चाळीची झबली-टोपडी शिवायची. कॉटवरून तिनं सूत्रं हातात घेतली.

पहिली टोपी मी तिला न विचारता, मांजरपाटाची केली आणि कडेला इलॅस्टिक घातलं. सकाळी तिच्या कपाळावर लाल वळ. "अरे, डोक्याला नाडी कशाला? परकर शिवतोयस का?" दुसरी बिनइलॅस्टिकची, पण कापड तेच, सरळ धाग्यावर कापलेलं. ती ताणेना, कुशीवर वळलं की निघून यायची. तेव्हा आईनं सांगितलं, की मांजरपाटासारखं साध्या विणीचं कापड असेल तर ते उरेब कापायचं, म्हणजे तिरक्यात ताण मिळतो. आणि एवढी अक्कल नसेल तर होजिअरी घ्यायची, ती आडवी आपोआप ताणते. मी होजिअरी घेतली.

तिसरी टोपी जमली. तिचं माप खाली देतो. 'उबदार कपडे वापरावेत' या ओळीच्या जागी कधीतरी असं माप छापा, ही माझी विनंती.

खूप वेळा धुतलेला सुती टी-शर्ट घ्या. नवं कापड असेल तर आधी धुऊन घ्या, सुती कापड आटतं. छपाईचा भाग टाळा. मी बँकेच्या कार्यक्रमात मिळालेला शर्ट कापला, तर 'बचत' ही अक्षरं नेमकी कपाळावर आली. आईला त्याचं काही नव्हतं, पण छपाई जिथे असते तिथे कापड ताणत नाही आणि टोचतं. टेप भुवयांच्या वरून आणि कानांवरून डोक्याभोवती फिरवा. आईचा घेर २१ इंच भरला. होजिअरी सैल पडते म्हणून एक इंच कमी करून २० धरले, शिवणीच्या मायेसाठी अर्धा इंच वाढवला. म्हणजे रुंदी साडेवीस, उंची साडेनऊ. कापडाचा ताण रुंदीकडे आला पाहिजे, हे विसरलात तर सगळं मुसळ केरात. रुंदीची आधी दुहेरी आणि मग चौपदरी घडी घाला, ती पाच इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येते. घडीच्या वरच्या साडेचार इंचांत दोन्ही बाजूंनी गोलाई देत टोकाकडे निमुळतं कापा. उलगडलं की वर चार पाकळ्या दिसतात. पाकळ्यांच्या कडा एकमेकींना जोडा, मग मागची उभी शिवण. झाली टोपी.

साध्या सुईनं होजिअरीवर टाके सुटतात, गोल टोकाची म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते. आमचं मशीन फक्त सरळ टीप मारतं. सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही, तटकन तुटते, म्हणून शिवताना कापड पुढून-मागून किंचित ओढून धरायचं. मधोमध चारही टोकं येतात तिथे मशीन नेऊ नका, गाठ होते. तिथे हातानं सैल उलटी टीप घाला. खालची कड दुमडायचीच नाही. होजिअरीचे धागे सुटत नाहीत, कड आपली आपण वळते आणि तेवढी पकडही पुरते.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नसती. टोपी तयार झाल्यावर मी ती सुलट करून आईच्या हातात दिली. तिनं आतून बोट फिरवलं आणि ती पुन्हा उलट केली. "शिवण बाहेर राहू दे. मी कानावर झोपते. रात्री मला कोण बघायला येतंय?" कानाच्या पाळीची कातडी या वयात कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, आत शिवण असती तर तिथेच रुतली असती.

गावोगावच्या शिवणवर्गांत पहिला धडा झबल्या-टोपड्याचा असतो. त्याच्या शेजारी मोठ्या मापाचं टोपडं घ्यायला काय हरकत आहे? कापड थोडं जास्त, वेळ तेवढाच. आणि दुकानदारांनी बाळांच्या कप्प्याखाली अजून एक कप्पा करावा. आमच्या एका इमारतीतच पाच गिऱ्हाइकं आहेत, त्यातल्या दोघींनी माझ्याकडे मापं आणून दिली आहेत.

आता आई पंखा तीनवर ठेवूनही पहाटे पाचपर्यंत झोपते. टोप्या दोन केल्या, एक धुण्यात, एक डोक्यावर. तक्रार एकच आहे, दोन्ही पांढऱ्या आहेत आणि पांढरी टोपी घातली की इस्पितळात असल्यासारखं वाटतं. तिला जांभळी हवी आहे. सध्या मी जांभळा, जुना, बिनछपाईचा टी-शर्ट शोधतो आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नौपाडा, ठाणे (पश्चिम)