टाकी फुल्ल, तरी दिवा का विझतो?

महोदय,

‘फुल्ल भरली आणि गायमुखला पोचेपर्यंत एक दिवा विझला,’ ही ठाण्यातील सीएनजीवाल्यांची नेहमीची तक्रार. हे दिवे म्हणजे टाकीत किती गॅस आहे ते दाखवणारे सीएनजी स्विचवरचे छोटे दिवे. दर वेळी दोष पंपाचा नसतो. भरताना गॅस तापतो. २०० बार दिसलेला दाब टाकी निवल्यावर उतरतोच. म्हणून सकाळी गाडी सीएनजीवर चालू करून बॉनेटखालच्या दाबमापकाचा काटा आधी पाहा. काटा बरोबर, पण स्विचचे दिवे कमी दाखवत असतील, तर गाडी बंद करून, दाब मोजून दिव्यांना कळवणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर (वायरची जोडणी) सोडवा. आपल्या पावसाळ्यात पिनांवर हिरवट गंज चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करण्याच्या स्प्रेने) साफ करा. तरीही फरक राहिला तर मेकॅनिककडून कॅलिब्रेशन, म्हणजे काटा आणि दिव्यांचा मेळ, तपासून घ्या. मात्र उभ्या गाडीतही काटा रोज उतरत असेल, तर ती गळती समजा. गॅसच्या नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. दाबाखालचा सांधा कृपा करून स्वतः आवळू नका.

– एक गॅरेजचालक, ठाणे