‘शेवटचा उपाय’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
जय जगत.

आपल्या रविवारच्या अंकातला युद्धाची बाजू मांडणारा लेख वाचला. कारण न्याय्य असेल, बाकीचे मार्ग खुंटले असतील आणि निरपराधांना झळ कमीत कमी बसणार असेल, तर युद्ध योग्यच, असे लेखक म्हणतात. मला ते पटत नाही. युद्ध कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही असे मी मानतो. मार्ग खुंटले हे ठरवणारे लोक त्या मार्गाने कधी दोन पावले तरी चालले होते का, एवढेच मला विचारायचे आहे.

लेखात १९७१ च्या बांगलादेश युद्धाचा दाखला आहे. तो सोपा नाही. जवळपास एक कोटी माणसे जीव मुठीत धरून पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आपल्याकडे आली होती. छावणीत बसलेल्या एखाद्या आईला अहिंसेचे व्याख्यान देण्याची माझी छाती झाली नसती. पण पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली २५ मार्चला आणि युद्ध पेटले ३ डिसेंबरला. मधले आठ महिने जगाने काय केले? जयप्रकाश नारायण देशोदेशीच्या सरकारांची दारे ठोठावत होते आणि त्याच काळात अमेरिकेची शस्त्रे पाकिस्तानला जातच होती. पहिला उपाय कोणी धड केलाच नाही, आणि डिसेंबरात सगळे म्हणाले, आता दुसरे काही उरले नाही.

हिटलरपुढे अहिंसा काय करणार, असेही विचारले जाते. हिटलरला तिने थांबवले असा माझा दावा नाही. पण नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४२ मध्ये, तिथल्या शाळामास्तरांनी काय केले ते आपल्या मुलांना कोणी शिकवत नाही. नाझींच्या बाजूच्या सरकारने शिक्षकांची नवी संघटना काढून सभासदत्व सक्तीचे केले. हजारो शिक्षकांनी लेखी नकार पाठवला. हजारावर शिक्षकांना अटक झाली, त्यांतल्या कित्येकांना थेट उत्तर टोकाला राबायला धाडले. तरी ते नमले नाहीत आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. त्यांच्या हाती एकही बंदूक नव्हती आणि या कामाचे शिक्षणही त्यांना कोणी दिलेले नव्हते. तयारी असती तर काय झाले असते, याचा विचार लेखकाने करावा.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. जून १९४० मध्ये वर्ध्यालाच काँग्रेस कार्यकारिणीने गांधीजींना सांगितले की, परकीय आक्रमणापुढे अहिंसेच्या वाटेने आम्ही तुमच्याबरोबर शेवटपर्यंत येऊ शकत नाही. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा उभे राहिले आणि इंग्रजांच्या महायुद्धाला माणूसबळ किंवा पैसा देणे चूक आहे असे जाहीर बोलले. चार दिवसांत त्यांना अटक झाली. १९४९ च्या डिसेंबरात जगभरचे शांतिवादी सेवाग्रामला जमले. ही परिषद गांधीजींच्या हयातीत व्हायची होती. १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना, म्हणजे दंगलीत निःशस्त्र मध्ये पडणाऱ्या स्वयंसेवकांची फळी, उभी केली. आज तिचे नाव किती कॉलेजांतल्या मुलांना ठाऊक आहे?

आणि याच जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, देशातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. अधिकारी गेले, जवान गेले, आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. आसपासच्या गावांतले लोक लेकरे उचलून अंधारात बाहेर पडले. मग २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीच्या बाजूला निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत रोजंदारीवर गेलेले जवळच्या खेड्यांतले मजूरही होते. तेव्हा कुठलेही युद्ध चालू नव्हते. तो दारूगोळा कुणावर डागला गेला नव्हता, निकामी म्हणून नष्ट केला जात होता. ‘कमीत कमी झळ’ मोजताना ही सहा माणसे कोणत्या रकान्यात लिहायची, हे लेखकाने सांगावे.

सैनिकांचा मी अनादर करत नाही. आमच्या गावची पोरे पहाटे उठून भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतात. वावरात भागत नाही, हे त्यातले एक कारण आहेच. पण देशासाठी काही करावे ही ओढही खरी आहे. मरायला तयार असलेल्या या पोरांपुढे आपण एकच वाट ठेवली आहे. कोठारे, कारखाने, भरती, सराव यांवर वर्षानुवर्षे पैसा आणि बुद्धी खर्च करायची, दुसऱ्या वाटेसाठी एक वर्गही चालवायचा नाही, आणि वेळ आली की ती वाट कुचकामी म्हणायची, हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी आहे. वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात शांतिसैनिकांचा वर्ग सुरू व्हावा. दंगलीत मध्ये कसे उभे राहायचे, अफवा कशी थांबवायची, जुलमी हुकूम गावाने मिळून कसा नाकारायचा, हे त्यात शिकवावे. सुरुवात येत्या १७ ऑक्टोबरला पवनारहून व्हावी. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. देवळी, जि. वर्धा