वसईच्या किल्ल्यात भेटलेल्या तिघांचे आभार

गेल्या रविवारी आईला घेऊन मी वसईच्या किल्ल्यातील जुनी चर्च पाहण्यास गेलो होतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न वास्तूत, जिथे जमिनीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, तिथे आईला भोवळ आली, तेव्हा दोन तरुणांनी तिला सावलीत बसवून पाणी दिले आणि एका आजींनी तिच्यावर आपली छत्री धरली. त्याच आजींनी मग गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी, वसईत जन्मून १५९७ साली नागासाकीत क्रुसावर प्राण देणाऱ्या आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झालेल्या या भूमिपुत्राविषयी, इतक्या आपुलकीने सांगितले की आईचा चेहरा पुन्हा खुलला. आपली नावे विचारायची राहिली, याची रुखरुख वाटते. आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. आजी, आपण आईला दिलेली छत्री किल्ल्याजवळच्या चहावाल्याकडे ठेवली आहे.