‘भाई’ मोकळा, पोरगा आत

महोदय, पुण्यात कोयते घेऊन दुकाने आणि रस्त्यावरच्या गाड्या फोडणाऱ्यांत मिसरूड न फुटलेली मुले पुन्हा पुन्हा सापडतात. उसाच्या फडातले, नारळवाल्याच्या गाडीवरचे हे अवजार रीलमध्ये मिरवायची वस्तू झाले, याचे फार वाईट वाटते.

या मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. ‘मी नुसता मागे उभा होतो’ ही सबब मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लागल्यावर फार कामाची नाही. 1999 च्या या कायद्यात टोळीचा सदस्य असणे हाच गुन्हा आहे. शिक्षा किमान 5 वर्षे, कमाल जन्मठेप, शिवाय किमान 5 लाखांचा दंड. अटकपूर्व जामीन नाही, आणि आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते, तोवर कोठडीत राहावे लागू शकते. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच पोलीस भरतीचे किंवा आयटीआयचे वर्ष गेले. ‘अठराच्या आत काही होत नाही’ ही तर भाईची थापच. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालू शकतो. वकिलाची फी मात्र आईच्या दागिन्यांतून जाते.

याच बाल न्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अशा प्रत्येक प्रकरणात पोलिसांनी मुलामागचा मोठा माणूस शोधून हे कलम लावावे. आणि चौकाचौकांत लागणारे ‘भाईं’च्या वाढदिवसाचे फलक महापालिकेने त्याच दिवशी उतरवावेत.

– एक पालक, हडपसर, पुणे